वाचकांचे प्रश्न : रोप लावण्याआधी पाणी अडवा

पुदुच्चेरीच्या उत्तरेला, ऑरोव्हिल या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या कडेला ‘साधना फॉरेस्ट’ आहे. अविराम आणि योरित रोझिन या दांपत्याने डिसेंबर २००३ मध्ये ७० एकर उजाड, धुपलेल्या जमिनीवर ते सुरू केले. देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांत राहतात, सौर विजेवर भागवतात आणि जंगल उभे करायला हातभार लावतात. मागच्या अंकात त्याची थोडक्यात ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत.

जूनमध्ये सुट्टी मिळते आहे. पाऊस सुरू होताच तिथे झाडे लावायला जावे असा विचार आहे. योग्य राहील का? – एक वाचक, पुणे

झाडे लावायचीच असतील तर जून टाळा. आपल्या डोक्यात मृगाचे गणित पक्के बसलेले असते, पण पुदुच्चेरीच्या कोरोमंडल किनाऱ्याचा मुख्य पाऊस ईशान्येकडून येतो आणि तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तमिळ पंचांगातले ऐप्पसी आणि कार्तिगई हे तिथले लावणीचे महिने. मे-जून तिथे सर्वांत कडक उन्हाचे. जुलै ते सप्टेंबर अधूनमधून संध्याकाळी गडगडाटी सरी येतात, त्यांनी माती खणण्याइतपत मऊ होते.

त्यामुळे कोणते काम करायचे आहे, त्यावर महिना ठरवा. चर आणि बांध जुलै ते सप्टेंबरमध्ये, लावणी ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर जानेवारी ते मे हा काळ पाणी घालण्याचा आणि आच्छादन टिकवण्याचा. या शेवटच्या कामाला माणसे कमी येतात, कारण त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते. पण रोप मरते ते उन्हाळ्यातच. मार्चमध्ये जाऊन महिनाभर पाणी घालणारा माणूस तिथे फार मोलाचा.

दादरहून पुणे, मिरज, हुबळीमार्गे पुदुच्चेरीला थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. तारखा जुळवून मगच तिथल्या लोकांना कळवा.

गावात पाणलोटाचे श्रमदान केले आहे. तिथे काम वेगळे असते का? खड्डा किती घ्यायचा, रोप कसे लावायचे हे नेमके सांगाल का? – एक वाचक, माण (सातारा)

श्रमदान केले असेल तर निम्मे काम तुम्हाला येतेच. ऑरोव्हिलची स्थापना २८ फेब्रुवारी १९६८ ला झाली, तेव्हा ते पठार जवळजवळ बोडके होते. लाल मातीत खोल घळी पडल्या होत्या आणि प्रत्येक मोठ्या पावसाबरोबर माती बंगालच्या उपसागरात जात होती. तिथल्या लोकांनी आधी बांध घातले आणि मग झाडे लावली. हा क्रम उलटा केला तर पहिल्याच जोराच्या सरीत आळे वाहून जाते आणि रोपाची मुळे उघडी पडतात.

समतल रेषा काढायला हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने सपाटी मोजायचे साधन) नसेल तर ए आकाराची चौकट बांधा. सात-सात फुटी दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, खालची टोके चार फुटांवर फाकवायची आणि मधे आडवी काठी बांधायची. शेंड्याला दोरी अडकवून तिला दगड लावायचा, झाला ओळंबा. आता दोन खुंट्यांवर चौकट उभी करा आणि दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य ही सपाटीची खूण. ही तपासणी रोज सकाळी करा, कारण गाठी रात्रीतून सैल होतात.

चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. माती उताराच्या बाजूला टाकायची, मात्र चराच्या काठापासून फूटभर मोकळी पट्टी सोडून. काठालाच ढीग केला तर तीच माती परत चरात येते. चर फुटण्याचे नेहमीचे कारण एकच : रेषा थोडी कलती झालेली असते. सगळे पाणी एका टोकाला धावते आणि तिथला भराव कापून जाते. दर काही मीटरवर तळात मातीची आडवी भिंत राखली आणि दगड रचून सांडवा ठेवला, तर एखादी चूक पदरात घेतली जाते.

रोपासाठी खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. वरची काळपट माती एका बाजूला, खालची लाल माती दुसऱ्या बाजूला. पहारीने खणताना या चिकट मातीत खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. तशाच ठेवल्या तर मूळ बाहेर न घुसता कुंडीत वाढल्यासारखे गोल फिरते आणि पाणी तळाशी तुंबते. म्हणून भिंती कुदळीने खरवडायच्या. भरताना वरची माती तळाशी, तिच्यात एक तृतीयांश कुजलेले खत आणि वाळवी असेल तर मूठभर निंबोळी पेंड. कच्चे शेण नको, ते वाळवीला आमंत्रण देते.

लावण्याआधी जमीन हातभर खोल ओली झालेली असली पाहिजे. पिशवी ओढून काढू नका, उभी फाडा. तळाशी मुळांचा वेटोळा असेल तर तेवढा धारदार चाकूने कापा. रोपवाटिकेत खोडाला माती जिथपर्यंत होती, खड्ड्यातही तिथपर्यंतच यावी. टाचेने दाबून पोकळी घालवा. अर्धचंद्राकृती आळे उताराच्या बाजूला करा आणि पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन घाला, पण खोडापासून दोन-तीन बोटे लांब. खोडाला चिकटलेला ओला पाला साल कुजवतो.

पहिले दोन उन्हाळे पाणी लागते. लांबून पाणी आणायचे असेल तर लिटरभराच्या बाटलीचा तळ कापा, झाकणाला भोक पाडून त्यातून वात ओवा आणि बाटली मुळाजवळ उलटी पुरा. सुती वात काही आठवड्यांत कुजते, नायलॉनची दोरी टिकते. भोकात वात फार घट्ट बसली तर पाणी उतरतच नाही. म्हणून पुरण्याआधी बाटली हातात धरून थेंब पडतो का बघा.

तिथे कोणती झाडे लावतात? लवकर वाढणारी लावली तर जंगल लवकर होणार नाही का? – एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

सावली लवकर मिळेल, जंगल नाही. सुरुवातीच्या काळात ऑरोव्हिलच्या लोकांनी ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर लावली. तिने उघड्या जमिनीवर सावली धरली, पाला पाडला, त्यामुळे पुढच्या देशी रोपांना आसरा मिळाला. तेवढ्यासाठी तिचे ऋण मानायला हवे. पण तिचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. ३० डिसेंबर २०११ ला ‘थाने’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, तेव्हा ही झाडे मोठ्या संख्येने कोसळली.

या किनाऱ्याचे मूळचे जंगल म्हणजे शुष्क सदाहरित जंगल. पाऊस मोजके महिने, तरीही पाने वर्षभर हिरवी. त्याचे बहुतेक तुकडे आता देवळांभोवतीच्या राखीव रानांत उरले आहेत. तमिळमध्ये त्यांना कोयिल काडू म्हणतात, आपल्या देवराईसारखेच. खिरणी, आबनूस, जांभूळ, माकडलिंबू, अंजनी ही त्यातली मंडळी. अंजनी तुम्ही महाबळेश्वरात पाहिली असेल. यातली बहुतेक झाडे सावकाश वाढतात, उंचीने फार होत नाहीत, पण वाऱ्याला चिवट असतात. बी या रानांजवळून, गावकऱ्यांना विचारून, झाडाखाली पडलेल्यातले थोडेच घ्यायचे.

संकोच वाटतो, पण विचारते. तिथे संडास कोरडा असतो म्हणे. पाणी वापरता येत नाही का? वास, माश्या, आणि पाळीच्या दिवसांत काय? – एक वाचक, नागपूर

साध्या राहणीत माणूस अडतो तो इथेच, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर विचारलात. पाणी वापरता येते, फक्त जागा बदलायची. शौच एका जागी, लघवी वेगळ्या भांड्यात किंवा नळीत आणि धुणे शेजारच्या तिसऱ्या जागी. तिथले पाणी झाडांच्या वाफ्यात जाते. मैला कोरडा राहिला की वास जवळजवळ येत नाही. पाणी किंवा लघवी त्यात गेली की हवा कोंडते, सडण सुरू होते, वास सुटतो आणि अळ्या पडतात.

प्रत्येक वेळी वाटीभर कोरडा, बारीक लाकडी भुसा सगळीकडे झाकेल असा टाकायचा. नुसता मधोमध टाकला तर कडेला माश्या बसतात. भुसा साध्या लाकडाचा हवा, प्लायवुडचा नको, त्यात डिंक आणि रसायने असतात. भांडे भरले की ते झाकून किमान वर्षभर ठेवायचे. तयार खत झाडांना घालायचे, पालेभाजीला नाही. लघवीत आठ ते दहा पट पाणी मिसळून ती झाडांच्या आळ्यात जाते. फिनाईल किंवा ब्लीच कधीही टाकू नका, कुजवणारे जिवाणूच मरतात. बाहेर आल्यावर हात साबणानेच धुवायचे.

पाळीसाठी कप किंवा कापडी पॅड न्या. प्लास्टिकचे पॅड तिथे कुजत नाहीत आणि जाळूही नयेत. कप उकळायला वेगळे भांडे लागते, ते सोबत ठेवा. कापडी पॅड कडक उन्हातच वाळवा, आडोशाला दमट ठेवलेल्या पॅडमुळे खाज सुटते.

खर्च किती? आणि चहाशिवाय कसे जमेल? – एक वाचक, ठाणे

कामाचे पैसे मिळत नाहीत. अशा ठिकाणी बहुधा जेवणाखाण्याचा खर्च आपल्याला द्यावा लागतो. आकडा बदलतो, म्हणून जाण्याआधी लिहून विचारा : रोजचे किती, किमान किती आठवडे राहावे लागेल, अर्ध्यात निघालो तर काय. साधना फॉरेस्टमध्ये जेवण पूर्ण वनस्पतिजन्य असते. दूध, दही, तूप, मध काही नाही. दारू-सिगारेटही नाही. चहाची फार सवय असेल तर घरूनच आठवडाभर कोरा चहा सुरू करा, पहिल्या दिवसाची डोकेदुखी टळेल.

मोबाईल दुपारी चार्ज करा, तेव्हा पॅनेल सर्वाधिक वीज देते. विजेची किटली नेऊ नका. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली अर्धी वीज वापरायची म्हटले तर ती ६०० वॉट-तास होते. १५०० वॉटची किटली ती २४ मिनिटांत संपवते आणि मग रात्री सगळेच अंधारात.

मुलगी एकटी जाणार आहे. साप-विंचवाची भीती वाटते. – एक आई, कोल्हापूर

भीती रास्त आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या भागात आहेत. तिला सांगा : अंधार पडल्यावर विजेरीशिवाय एक पाऊलही नाही, पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवायचे, बूट घालण्याआधी झटकायचे, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. त्यामुळे पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तरी दवाखाना गाठायचाच.

दंश झाला तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही करू नये. अवयव हलू न देता तडक रुग्णालयात न्यावे. पुदुच्चेरीत जिपमेर हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. जाण्याआधी धनुर्वाताची लस घेऊन ठेवा. उन्हाच्या कामात घामाने मीठ जाते, म्हणून लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्यावे.

आमचा दहा एकर कातळसडा पडीक आहे. तिथे असेच जंगल करायचे आहे, स्वयंसेवक बोलवू का? – एक वाचक, राजापूर

सडा पडीक नसतो, ही विनंती आधी मनावर घ्या. जांभ्यावरच्या त्या दोन बोटे मातीत पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात, कीटकभक्षी वनस्पती उगवतात, डबक्यांत बेडकांची पिल्ले वाढतात. ऑरोव्हिलचे पठार माणसाने जंगल तोडून उजाड केले होते, तुमचा सडा मुळातच मोकळा आहे. तिथे सुरुंग लावून, बाहेरची माती टाकून झाडे लावली तर खर्च जाईल आणि सडाही जाईल.

काम करायचेच तर सड्याच्या कडेला, जिथे माती खोल होत जाते आणि पूर्वी राई तोडल्याचे वाडवडील सांगतात, तिथे करा. आधी दोन पावसाळे गुरे आणि वणवा रोखा. जुने बुंधे आपोआप फुटतात का ते मोजा. एकरी शंभर-दीडशे बुंधे फुटत असतील तर स्वयंसेवक झाडे लावायला नव्हे, डिसेंबरात जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढायला बोलवा.