टक्के नंतर, आधी रोस्टर

प्रश्न : मुलगी एका विमानकंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू होते आहे. नेमणूकपत्रात तासाचा दर चांगला आहे, पण हमीचे तास ४० लिहिलेत. विस्तारा विमानकंपनीच्या वैमानिकांचं याच ४० तासांवरून बिनसलं होतं ना? दर चांगला असताना तक्रार कशाची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, त्यावरूनच. एअर इंडियात विलीन होण्याआधी विस्तारात महिन्याला ७० तासांची हमी होती. २०२४च्या नव्या करारात ती ४० वर आली. अनेक वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली आणि एप्रिलमध्ये कंपनीला रोजची २५-३० उड्डाणं कमी करावी लागली.

हमी म्हणजे विमान उडवलं नाही तरी मिळणारा पैसा. तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर उभं राहीपर्यंत. त्याआधीचं ब्रीफिंग आणि दोन उड्डाणांमधली खोळंबून बसण्याची वेळ त्यात येत नाही. आता नुसत्या हिशोबासाठी आकडे धरू. जुना दर ५,००० रुपये आणि हमी ७० तास, म्हणजे किमान साडेतीन लाख. नवा दर २० टक्के वाढवून ६,०००, पण हमी ४०, म्हणजे किमान २ लाख ४० हजार. महिन्याला साधारण ५८ तासांच्या वर उड्डाण झालं तरच नवा करार फायद्याचा. ७५ तास झाले तर चांगलं पाऊण लाख जास्त मिळतील. पण पावसाळ्यातली मंदी, दुरुस्तीला उभी विमानं, सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, होणारी वैमानिकाची तपासणी, आजारपण यांत तास घटतात, आणि किती उडायचं हे वैमानिक ठरवत नाही, रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, ठरवतं.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : सिम्युलेटरच्या दिवसाचे किती तास धरतात, स्टँडबायचे, म्हणजे बोलावणं येईल म्हणून तयार बसण्याचे, किती, आणि प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या शहरी पाठवलं तर किती. नोटिशीचा कालावधीही लक्षात ठेवा. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्याच्या २०१७च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. ‘पटलं नाही तर सोडू’ हे इथे सोपं नाही.

प्रश्न : भाचा अमेरिकेत वैमानिक आहे. त्याच्या कंपनीत नव्या करारावर मतदान आहे : पगारवाढ हवी तर पसंती सांगण्याची संगणकी रोस्टर पद्धत, म्हणजे पीबीएस, स्वीकारा. तो म्हणतो, यात गोम आहे. सोयीच्या पद्धतीत गोम कसली?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गोम सुट्टीत आहे. जुन्या पद्धतीत महिन्याच्या तयार ‘लाइन्स’, म्हणजे फेऱ्यांची वेळापत्रकं, छापून येत आणि ज्येष्ठतेने निवडायच्या. निवडलेल्या लाइनमधली फेरी आपल्या रजेला किंवा प्रशिक्षणाला धडकली की ती सुटायची, आणि अनेक करारांत तिचा पैसाही मिळायचा. सुटलेल्या फेऱ्यांसाठी कंपनीला राखीव वैमानिक ठेवावे लागत. पीबीएस रजा आधी मांडते आणि फेऱ्या भोवती रचते. धडक होतच नाही, म्हणून तेच वेळापत्रक कमी माणसांत भागतं. पगारवाढीचा काही भाग इथूनच येतो, हे ओळखून भाव मागायला हवा.

चालते ती अशी : बेसवरून, म्हणजे वैमानिकाच्या नेमणुकीच्या विमानतळावरून, निघून बेसवर परतणाऱ्या फेऱ्या आधी बांधल्या जातात. मग प्रत्येक जण उतरत्या क्रमाने पसंत्या टाकतो : अमुक तारखा मोकळ्या, पहाटेचं रिपोर्टिंग नको, दोन दिवसांपेक्षा लांब फेरी नको. संगणक ज्येष्ठतेच्या यादीने खाली येत नियमात बसेल असा महिना रचतो. सगळ्यांत होणारी चूक म्हणजे ‘नको’ची लांबलचक यादी. पुरेसे तास भरले नाहीत की यंत्र बहुधा शेवटच्या अटीपासून एकेक सोडत वर येतं. म्हणून जी अट मोडली तर चालेल ती तळाला, आणि ‘नको’बरोबर थोडं ‘हवं’ही लिहायचं. दुसरी अडचण सणासुदीची. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला सगळेच सुट्टी मागतात आणि उड्डाणं तर भरायचीच असतात. मग कनिष्ठांवर फेऱ्या लादल्या जातातच, पण कधी ज्येष्ठाची पसंतीही डावलली जाते. ती का डावलली हे तपासायचा हक्क वैमानिकांच्या संघटनेला आहे की नाही, हे करारात पाहावं.

मागण्यांपैकी आमच्या मते सर्वांत मोलाची : दोन्ही पद्धती काही महिने समांतर चालवून निकाल दाखवा. नंतर महिन्याच्या तासांची वरची-खालची मर्यादा आणि किमान सुट्ट्या कागदावर आणा. टक्क्यांवर भांडण शेवटी.

प्रश्न : एवढं सॉफ्टवेअर असून डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणं का कोलमडली?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सॉफ्टवेअर माणसं वाटतं, निर्माण करत नाही. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या डीजीसीएच्या नव्या नियमांनुसार जुलै २०२५पासून आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली. १ नोव्हेंबरपासून ‘रात्र’ पहाटे ६ पर्यंत लांबली आणि रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंग सहावरून दोनवर आल्या. रात्री जास्त फेऱ्या मारणाऱ्या कंपनीला त्याच उड्डाणांना जास्त वैमानिक लागणार, हे जानेवारी २०२४मध्ये नियम जाहीर झाले तेव्हापासून दिसत होतं. वैमानिक एका रात्रीत तयार होत नाही. कॅप्टन तर नाहीच. अखेर डीजीसीएने रात्रीच्या अटींतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत इंडिगोला तात्पुरती सूट दिली.