सगळीकडे एवढं वाईट चाललंय, मग मी नेहमीसारखं जगू का?

प्रश्न : ताई नमस्कार, गेले काही महिने चहूकडून फक्त वाईटच ऐकू येतंय, साथ आहे, ओळखीतल्या लोकांच्या नोकऱ्या जातायत. देवाच्या कृपेने आमच्या घरी सगळं ठीक आहे पण आता त्याचंच टेन्शन येतं. मुलीचा वाढदिवस जवळ आलाय, तो करावासा वाटत नाही. प्रार्थनेला बसले तरी हात मोबाइलकडे जातो. आपण नॉर्मल जगणं हा स्वार्थीपणा नाही का?

उत्तर : वाढदिवस करा, आधी तेच सांगते. लेक चित्र दाखवायला येते आणि तुम्ही बातम्या वाचता वाचता मान वर न करता "छान" म्हणता, असं होत असेल तर त्याने बाहेरच्या कुणाचंच दुःख कमी होत नाहीये आणि तिला मात्र आई मिळत नाहीये.

बायबलमधे आहे बघा, इ.स.पूर्व ५९७ मधे यरुशलेमच्या ज्यू लोकांना बाबेलला म्हणजे बॅबिलोनला धरून नेलं तेव्हा तेही असेच अडकून पडले होते, लवकरच सुटू मग बघू असं त्यांना वाटत होतं, आणि तसं सांगणारे संदेष्टेही, म्हणजे देवाचा निरोप सांगतो म्हणणारेही, होते. पण यिर्मया नावाच्या संदेष्ट्याने पत्रातून कळवलं की ७० वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा! मला यातलं शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं, कारण संसार नीट करा पण दार लावून बसू नका असंच ते सांगणं आहे.

१५२७ मधे जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला, मार्टिन लूथर या ख्रिस्ती धर्मसुधारकाला शहर सोडून जायला सांगितलं होतं, बायको गरोदर होती, तरी तो थांबला आणि घरात आजारी माणसं ठेवून घेतली. पण म्हणून कुणीच जाऊ नये असं त्याने म्हटलं नाही. ज्यांच्यावर कुणी अवलंबून नाही त्यांनी खुशाल जावं, औषध घ्यावं, गरज नसेल तिथे जाऊ नये, मात्र शेजाऱ्याला आपली गरज असेल तर मागे हटू नये, असं त्याने लिहिलं. काळजी घेणं म्हणजे विश्वास कमी असं काही नसतं हो, मला तर हे वाचून फार धीर येतो.

तेव्हा बातम्या दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी बघा, प्रार्थनेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सगळ्या जगासाठी एकदम मागण्यापेक्षा ज्यांची नोकरी गेलीय त्यांची नावं घेऊन मागा. मग त्यातल्या एकाला फोन करा. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, लोक सांगत नाहीत, संकोच वाटतो. त्यापेक्षा "मुलांची फी भरायची राहिलीय का?" असं सरळ विचारा, आणि जमेल तेवढी भरून टाका.