द हूचं ‘द लास्ट टाइम’ का चाललं नाही?

१९६७ मध्ये द हू या ब्रिटिश रॉक बँडने रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडचं ‘द लास्ट टाइम’ का केलं, स्वतःची गाणी संपली होती का, असं तुम्ही विचारलंय. गाणी मुळीच संपली नव्हती. त्याच वर्षी त्यांचं ‘पिक्चर्स ऑफ लिली’ ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं होतं. हे सिंगल (सुट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड) मात्र कसंबसं ४४ पर्यंत पोचलं.

ते करण्यामागचं कारण आहे २९ जूनचा चिचेस्टरच्या कोर्टाचा निकाल. फेब्रुवारीत स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या रेडलँड्स या घरावर पोलिसांची धाड पडली होती. कीथने घरात चरस ओढू दिला म्हणून त्याला एक वर्ष आणि ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधाच्या चार गोळ्यांपायी स्टोन्सचा गायक मिक जॅगरला तीन महिने तुरुंग. चार गोळ्या! त्यावर द हूने वर्तमानपत्रात जाहीर केलं की या दोघांना बळीचा बकरा बनवलंय. ते पुन्हा रेकॉर्डिंग करायला मोकळे होईपर्यंत त्यांची गाणी आम्ही लोकांसमोर ठेवत राहू. एका बाजूला ‘द लास्ट टाइम’, दुसऱ्या बाजूला ‘अंडर माय थंब’, ही त्या मालिकेतली पहिली रेकॉर्ड.

३० जूनला ती आली आणि त्याच दिवशी दोघंही जामिनावर सुटले. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते कारणच उरलं नाही. मालिका तिथेच थांबली. जुलैअखेर अपिलात कीथची शिक्षा रद्द झाली, मिकचाही तुरुंग टळला. शिवाय मूळ ‘द लास्ट टाइम’ १९६५ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. लोकांकडे ते होतंच, पुन्हा कोण घेणार?

घाई ऐकूही येते. द हूचा बेस गिटारवाला जॉन एंटविसल तेव्हा हनिमूनला, ‘क्वीन एलिझाबेथ’ बोटीवर होता, त्यामुळे बेसही गिटारवादक पीट टाउनशेंडनेच वाजवला. एंटविसलचा बेस म्हणजे जवळजवळ दुसरी लीड गिटार. तो नसल्याने खालची बाजू साधी, सरळ वाटते. द हूचा ड्रमर कीथ मून मात्र नेहमीसारखा सुटलाय. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स जिथे शांतपणे ठेका धरतो, तिथे हा रोल भरत राहतो.

मला स्वतःला हे सिंगल फार मोलाचं वाटतं. चार्टवर ज्यांच्याशी चढाओढ, त्यांच्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावून इतक्या तातडीने उभं राहणं सोपं नव्हतं. पुढच्याच ‘आय कॅन सी फॉर माइल्स’ने त्यांना पुन्हा पहिल्या दहात नेलं, त्यामुळे नुकसान असं काही झालं नाही. ऐकणार असाल तर ‘अंडर माय थंब’पासून सुरुवात करा. माझ्या मते दोन्हींत तीच बाजू सरस आहे.