इंडोनेशियन आधी की अम्हारिक?

दोन्ही भाषा एकाच वेळी सुरू करू नका, हा माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला आहे. लवकर बोलू लागायचे असेल तर इंडोनेशियन आधी घ्या. तिची लिपी रोमन आहे, क्रियापद काळ, लिंग वा वचनाप्रमाणे बदलत नाही, आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतला भेद मराठी माणसाला ‘किता’ आणि ‘कामी’ या रूपांत आयताच मिळतो. मात्र या भाषेला व्याकरणच नाही असे समजून उपसर्गांकडे दुर्लक्ष करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे: ‘तुलिस’ला (लिहिणे) उपसर्ग लागला की ‘त’ गळून ‘मनुलिस’ होते, पण शब्दकोशात ते बहुधा ‘तुलिस’खालीच सापडते.

इथिओपियाची अम्हारिक अधिक कष्ट मागते, तरी तिला घाबरू नका, कारण मराठीसारखेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि देवनागरीप्रमाणे तिच्या लिपीतही व्यंजनासोबतच स्वर दाखवला जातो. सुरुवातीला एवढेच पाळा:

- रोमन लिप्यंतरावर विसंबू नका. 33 मूळ अक्षरांची प्रत्येकी सात रूपे रोज थोडी थोडी हाताने गिरवा.
- प्रत्येक नवा शब्द ऐकूनच शिका, कारण द्वित्त (व्यंजनाचा दुहेरी उच्चार) लिहून दाखवत नाहीत. ‘अल’ म्हणजे ‘तो म्हणाला’ आणि ‘अल्ल’ म्हणजे ‘आहे’, पण लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात.

अम्हारिकमधल्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) धातूंची, म्हणजे व्यंजनांच्या सांगाड्यातून शब्द घडण्याची, गुंतागुंत सध्या बाजूला ठेवा; साधी वाक्ये सहज बोलता येऊ लागली की मगच तिच्याकडे वळा.