घरात बडबडी, वर्गात गप्प

प्रश्न: ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. लेक सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, यंदा आठवीला बेळगावात इंग्लिश मीडियमला घातलंय. घरात भांडून घर डोक्यावर घेते, पण वर्गात उत्तर येत असून हात वर करत नाही असं टीचर सांगालेत. हे म्हणतात गणपतीत मंडळाच्या स्टेजवर उभी कर, भीती मोडेल. काय करू सांगा की?

उत्तर: स्टेजचं राहू द्या आधी. सगळ्या गल्लीसमोर अडखळली तर परत माईकजवळ फिरकायची नाही. मला तर ती लाजरी कमी आणि भाषेत अडकलेली जास्त वाटते. सात वर्षं सगळं मराठीत, आता सायन्स-मॅथ्स इंग्लिशमधून, मधल्या सुट्टीत मैत्रिणी कन्नडात बोलणार, म्हणजे उत्तर डोक्यात मराठीत तयार असतंय पण ते जुळवेपर्यंत टीचर पुढच्या बेंचवर गेलेल्या असतात, वर चुकलं तर पोरी हसतील ही धास्ती. टीचरना भेटून दोनच गोष्टी मागा, उद्याचा एखादा प्रश्न हिला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि विचारल्यावर तीन-चार सेकंद थांबा. वर्गात सहसा तेवढंही कोण थांबत नाही.

तुमचं काम जरा अवघड आहे, गप्प बसायचं. आत्याबाईंनी "कितवीला गं?" विचारलं की आपणच "आठवीला, लई लाजरी आहे ओ" म्हणून मोकळे होतो, पोरीला बोलायची गरजच उरत नाही आणि तिच्यादेखत शिक्का बसतो तो वेगळाच. सरकारी बसमध्ये शक्ती योजनेचं झिरो तिकीट, म्हणजे कर्नाटकात बायका-मुलींना मिळतं ते फुकट तिकीट, तिलाच मागू द्या, स्टॉप तिनंच सांगायचा, बाजारात "एष्टु री?" (कितीला हो?) तिनंच विचारायचं, मोडक्या कन्नडाला भाजीवाल्या मावशी काय परीक्षा घ्यायला बसलेल्या नसतात. आणि घरी आल्यावर "किती छान बोललीस" असला सोहळा नको, या वयात पोरी उलट अवघडतात.

एक मात्र बघून ठेवा. नव्या शाळेचा पहिला महिना सोडून द्या, पण त्यानंतरही महिनाभर ती शाळेत मैत्रिणींशीसुद्धा शब्द बोलत नसेल तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाचं भीतीनं ठरावीक ठिकाणी तोंडच न उघडणं, मुलं हट्टानं करत नाहीत ते, त्यामुळं रागावून उपयोग नाही. मुलांच्या मानसोपचार डॉक्टरना दाखवा, नाहीतर आधी टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे आणि रात्रीसुद्धा चालू असतो.