फ्लेक्सवर फोटो लागलाय मॅडम, आता परत कसा येऊ

"पोरगं बाहेरच्या देशात शिकायला गेलंय, तिथं त्याला करमना झालंय, बोलवून घेऊ का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या आईवडलांकडून इतक्यांदा येतो की एकदा नीट लिहावंच म्हटलं. एकाच मुलाची गोष्ट सांगते. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात आणि नाव देतच नाहीये.

जानेवारी 2025 चा पहिला आठवडा. वडील एकटेच आले होते, पांढरी टोपी, हातात पिशवी, बसा म्हटलं तरी खुर्चीच्या टोकावर बसलेले. शेती औसा तालुक्यात, पोरांच्या शिक्षणासाठी दहा-बारा वर्षं लातूरला भाड्यानं राहतात. मुलगा अकरावी-बारावीला इथंच लातूर पॅटर्नमधे घासून निघालेला, मग संभाजीनगरला इंजिनिअरिंग, आणि सप्टेंबर 2024 च्या शेवटी जर्मनीला मास्टर्सला गेलेला, पूर्व भागातल्या एका छोट्या गावात.

वडील म्हणाले, "मॅडम, येळवसला समद्यांनी शेतातून व्हिडिओ कॉल लावला. कोप दाखवली, भज्जी दाखवली, त्याची आजी म्हणली घे रे आंबील, आन् पोरानं क्यामेराच बंद केला. नुसता हुंदक्याचा आवाज. तवापासून फोन उचलंना."

आमच्याकडची येळवस म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही, वेळ अमावस्येला अख्खं लातूर-धाराशिव शेतात असतं, कडब्याची कोप करून पूजा, मग भज्जी-आंबिलीचं जेवण, शहरात दुकानं बंद, ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवायला. त्या वर्षी ती 30 डिसेंबरला आली होती. आता तिकडचं चित्र बघा. इकडं दुपारचा एक म्हणजे तिकडं सकाळचे साडेआठ, आत्ता कुठं उजाडतंय. ख्रिसमस आणि न्यू इयरच्या मधले दिवस, युनिव्हर्सिटी बंद, होस्टेलच्या त्याच्या मजल्यावरची सगळी पोरं आपापल्या घरी गेलेली, आणि हा एकटा रात्रपाळी करून येऊन बसलेला. रात्रपाळीचं घरी कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नंतर कळलं.

वडलांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. म्हणाले, "2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, तवा हे पोरगं हांडे वाहत होतं, एक दिस रडलं नाही. आता तिथं चोवीस तास नळाला पाणी, लाईट जात नाही, मग झालं काय त्याला?"

मी म्हटलं, काका, तेव्हा गल्लीतलं प्रत्येक घर त्याच रांगेत होतं ना. कुणाचा हंडा भरला नाही तर शेजारची बाई अर्धी घागर ओतायची. तिथं याच्यासोबत रांगेत कुणीच नाही.

पहिला ऑनलाईन कॉल झाला तेव्हा मुलगा सरळ बसून, इस्त्रीचा शर्ट घालून, "सगळं ठीक आहे मॅडम, घरचे उगाच टेन्शन घेतात" असं म्हणाला. मी असल्या वेळी फार गोल गोल बोलत नाही. झोप किती, जेवतोस काय, आणि जगू नये असं मनात येतं का, हे तिन्ही थेट विचारते. पालकांना वाटतं असं विचारलं की पोराच्या डोक्यात नसलेलं घुसेल, तसं होत नाही, उलट विचारल्यावर पोरं मोकळी होतात. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मरायचं वगैरे नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं." मग मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की असं वाटणं वाढलं तर 112 लावायचा, होस्टेलच्या केअरटेकरचं दार वाजवायचं, आणि एका तरी माणसाला त्याच आठवड्यात हे सांगायचं. तिथं विद्यार्थ्यांची मेस-होस्टेल बघणारी संस्था असते, श्टुडिरेंडनवेर्क म्हणतात, त्यांच्याकडं मुलांसाठी समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी फुकट, आणि इंग्रजीतही बोलतात. तीन महिने झाले तरी याला ते माहीतच नव्हतं. व्हिसा, बँक, तिकीट हे सगळं सांगायला इथं दहा एजंट आहेत, पण नोव्हेंबरमधे चार-साडेचारला अंधार पडायला लागला की काय करायचं हे कुणी सांगत नाही.

इथं माझी एक चूक झाली ती लिहितेच. पहिल्याच कॉलला मी त्याला टाईमटेबल दिलं, सकाळी लवकर उठ, फिरायला जा, प्राणायाम कर. पोरगं दोन आठवडे परत आलंच नाही. नंतर म्हणाला, "मॅडम, तुम्ही सकाळी फिरायला जा म्हणालात, मी सकाळी सातला पार्सलच्या गोडाऊनमधून परत येतो, बाहेर काळोख असतो, झोपतो आणि उठतो तेव्हा पुन्हा काळोख." म्हणजे ख्रिसमसच्या सीझनपासून या लेकरानं धड ऊनच बघितलं नव्हतं, आणि मी त्याला सूर्यनमस्कार सांगत होते. आधी ऐकायचं असतं, सल्ला नंतर.

मग खरं काय ते बाहेर आलं. ब्लॉक्ड अकाउंट म्हणून जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात, याच्या वेळी 11,208 युरो होते, सप्टेंबर 2024 पासून 11,904 झालेत. म्हणजे दहा लाखांच्या वर. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते म्हणून लोक म्हणतात जर्मनी फुकट, पण हे दहा लाख कुठून आले तर मामाचा प्लॉट बँकेत तारण. अकाउंटमधून महिन्याला 934 युरो सुटायचे, खोलीभाडं, इन्शुरन्स जाऊन कसंबसं भागायचं, पण याला वाटायचं आपण मामाचा प्लॉट खातोय. स्टुडंट व्हिसावर वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं, 2024 ला किमान तासाला 12.41 युरो मिळायचे, म्हणून रात्रपाळी धरली. रात्री गोडाऊन, दिवसा झोप, त्यात लेक्चर बुडाले, लेक्चर बुडाले म्हणून लॅबच्या ग्रुपमधे तोंड उघडेना, ग्रुपमधल्या मुलीनं सरळ तोंडावर सांगितलं की तुझा भाग चुकलाय, परत कर. तिकडं असं बोलणं साधं असतं, कामाबद्दल असतं, माणसाबद्दल नसतं. पण आमच्या पोराला वाटलं आपली अब्रू गेली.

आणि जेवण. होस्टेलच्या किचनमधे एकदा येसर आमटीला फोडणी दिली तर धुराचा अलार्म वाजला, सगळा मजला खाली उतरला. तेव्हापासून स्वयंपाक बंद, ब्रेड आणि नूडल्स. आईनं दिलेलं काळं तिखट बॅगेत तसंच.

मी विचारलं, मग घरी का सांगितलं नाहीस यातलं काहीच? तर तो म्हणाला, "गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागलाय मॅडम. हार्दिक अभिनंदन म्हणून, कोटातला फोटो. आता परत कसा येऊ?"

मी त्याला म्हटलं की परत यायचं का नाही हे आज ठरवायचंच नाही. जानेवारीच्या अंधारात, झोप नसताना असले निर्णय घ्यायचे नसतात. ओबर्ग नावाच्या एका मानववंशशास्त्रज्ञानं 1960 मधे कल्चर शॉकवर लेख लिहिला होता, त्यात त्यानं सांगितलंय की सुरुवातीचे नवलाईचे दिवस सरले की माणूस खाली जातो, चिडतो, घरची ओढ लागते, आणि मग हळूहळू सावरतो. सगळ्यांचं अगदी तसंच होतं असं नाही, काही जण पहिल्या दिवसापासूनच खाली असतात, पण हे ऐकून तो एवढंच म्हणाला, "म्हणजे याला नाव आहे?" बऱ्याच पोरांना तेवढ्यानंच श्वास मोकळा होतो.

पुढचं काम साधं होतं पण सोपं नव्हतं. त्यानं पहिल्याच सेमिस्टरला पाच पेपर भरले होते, कारण सगळे भरतात म्हणून. नियम वाचायला लावले, तर त्याच्या कोर्सला ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागं घेता येत होतं आणि एका पेपरला तीन संधी होत्या. हे प्रत्येक युनिव्हर्सिटीचं वेगळं असतं बरं का, आपलं आपण बघायचं, पण बघायचं. आपल्याकडं पेपर सोडला म्हणजे बॅकलॉग, बॅकलॉग म्हणजे कलंक. तिकडं चार सेमिस्टरचा कोर्स पाच-सहा सेमिस्टरला करणारे खूप आहेत. दोन पेपर मागं घेतले, तीन ठेवले. रात्रपाळी सोडून शनिवारचं दिवसाचं काम घेतलं, पैसे कमी पण ऊन दिसायला लागलं.

आणि मेल. प्रोफेसरच्या असिस्टंटला "मला हा भाग समजला नाही, भेटायला येऊ का" एवढं लिहायचं होतं. कॉल चालू ठेवून मी बसले, चार ओळी लिहायला त्याला चाळीस मिनिटं लागली. बारावीला नव्वदच्या पुढं मार्क घेतलेला मुलगा! मला इथं लातूर पॅटर्नला नावं ठेवायची नाहीत, त्यानं शेकडो शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्यात सकाळी किती वाजता उठायचं, कोणता चॅप्टर कधी, टेस्ट कधी, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. तिकडं तुम्ही सहा महिने वर्गात नाही आलात तरी कुणी फोन करत नाही. आणि "समजलं नाही" म्हणायची सवय आपण लेकरांना लावतच नाही हो, हुशार पोरानं तर म्हणायचंच नाही. मेल पाठवली, दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, गुरुवारी तीन वाजता या. बास, एवढंच. तो गेला.

खरी गाठ सुटली ती मात्र फेब्रुवारीत, जेव्हा मी तिघांना एकत्र बसवलं. आईवडील माझ्या ऑफिसात, पोरगा स्क्रीनवर. त्याआधी मी वडलांना विचारलं होतं, तुम्ही त्याला घरचं सगळं सांगता का? म्हणाले, "छे, त्याला कशाला टेन्शन." मग कळलं की सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असताना यांनी गरजेपोटी आडतीवर त्याच्या बऱ्याच खाली माल घातलाय, आईचं बीपी वाढून दोन दिवस ॲडमिट होती, आणि हे सगळं लपवून रोज फोनवर "इकडं मजेत" चाललंय. तिकडून तो "मजेत", इकडून हे "मजेत". मी म्हटलं, काका, सुरुवात तुम्ही करा. ते तयार नव्हते. आईच बोलली आधी, मी दवाखान्यात होते रे, आता बरी आहे. पोरगा म्हणाला, कधी? आणि मग वडलांनी मान खाली घालून सोयाबीनचं सांगितलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यानं गोडाऊनचं सांगितलं, पेपरचं सांगितलं, फ्लेक्सचं सांगितलं. वडील म्हणाले, "अरे तो फ्लेक्स दिवाळीतच फाटला वाऱ्यानं. तू कशाला घेऊन बसलास?"

तिथून पुढं त्यांनी ठरवलं की रोजचा "जेवलास का, अभ्यास झाला का" फोन बंद, आठवड्यातून तीनदाच बोलायचं, आणि प्रत्येकानं एक न जमलेली गोष्ट सांगायची. आईला पहिले जड गेलं, रोज आवाज ऐकायची सवय. पहिला निकाल आला तेव्हा वडील धावत माझ्याकडं, "3.7 आले म्हणतंय, धापैकी का मॅडम?" तिकडं 1.0 सगळ्यात चांगलं आणि 4.0 पर्यंत पास, 5.0 म्हणजे नापास, हे मी कागदावर काढून दिलं. तो कागद त्यांनी पिशवीत घडी करून ठेवला. तीनपैकी दोन पास झाला, एक राहिला.

आता मूळ प्रश्न, बोलवून घ्यावं का. या मुलाच्या बाबतीत नाही. पण परभणीकडच्या एका मुलीला मी स्वतः म्हटलंय की ये परत, कारण ती तीन आठवडे खोलीतून बाहेर पडली नव्हती, खाणं सुटलं होतं आणि मरणाचं बोलणं रोजचं झालं होतं, तिला आधी घर आणि डॉक्टर हवे होते. ती आली, औषधं घेतली, आता इथंच नोकरी करते. झोप-जेवण दोन आठवड्यांच्या वर बिघडलंय, एकट्यानं दारू सुरू झालीय, निरवानिरवीची भाषा येतेय, तर सेमिस्टर संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी तिथल्या युनिव्हर्सिटीला, तिथल्या ओळखीच्या माणसाला कळवा. तुम्हाला इथं काही सुधरना झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नुसतं करमत नाही, रडू येतं, आंबील आठवते, तर थोडा वेळ द्या, आणि त्या वेळात खरं बोलत राहा.

सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. यांचंही सोयाबीन पाण्यात गेलं. त्या रात्री मुलाचा मला मेसेज आला, सोबत त्यांच्या शेताचा व्हिडिओ, बांध कुठं आणि रान कुठं कळत नव्हतं. खाली लिहिलं होतं, "मॅडम, आण्णांनी स्वतःहून पाठवलाय. त्यांच्याशी तासभर बोललो. येसर आमटी केलीये, खिडकी उघडी ठेवून." राहिलेला तो पेपर दुसऱ्यांदाही गेलाय, तिसरी संधी फेब्रुवारीत आहे, आणि हे वडलांना माझ्या आधी माहीत होतं.