लेकरांना घेऊन पायी सोलापूर बघायचंय? मग हे वाचा

ताई, पहिल्यांदाच जाताय ना, मग एकच सांगतो, सगळं एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका. भुईकोट किल्ला, त्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आणि तलावाच्या मधलं मंदिर, एवढं पायी आरामात होतं आणि पुरतं.

सुरुवात किल्ल्यापासून करा, सकाळी लवकर. मी एकदा मे महिन्यात अकराला निघालो होतो, धाकटी अर्ध्या तासात रस्त्यातच बसली, वरनं बायकोची बोलणी वेगळीच. इथलं ऊन चेष्टा नाही हो, त्यामुळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. फक्त संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज (मिरवणुकीत नेतात त्या उंच, सजवलेल्या काठ्या) बघायचे असतील तर या, पण शांत फिरायचं असेल तर ते दिवस टाळा.

नवीन माणसं करतात त्या चुका:
- नवी चप्पल घालून येणं
- पाणी "वाटेत घेऊ" म्हणणं
- पोरांना नुसत्या सनावळ्या सांगणं

त्यापेक्षा चार पुतळ्यांपाशी थांबून धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांची गोष्ट सांगा. १९३० मध्ये इंग्रजांनी इथं मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. माझा पोरगा तिथं एकदम गप्प झाला होता, मग हळूच विचारतो, "बाबा, चौघंपण सोलापूरचेच?"

इंद्रभुवन ही जुनी इमारत वगैरे पुढच्या खेपेला. शेंगाचटणी आणि चादरीची खरेदी मात्र शेवटी करा, नाहीतर पिशव्या तुम्हालाच वागवाव्या लागतील.